अकरावा रकाना

त्या वर्षी पाणी लवकर उतरलं. एरवी उन्हाळा सरत आला की उघडी पडणारी वाळू दोन महिने आधीच वर आली, आणि नावाड्याची नाव रोज नवी वाट शोधत पलीकडे जाऊ लागली. सकाळी जिथं उतारू उतरवावेत तिथं संध्याकाळी चिखल. नावाडी पुढे काठी घेऊन उभा राहायचा, तळ चाचपायचा, आणि मागं सुकाणूवर त्याची लेक असायची. सात वर्षांची असल्यापासून ती तिथं बसायची, म्हणून दोन्ही काठांवर तिला सगळे सुकाणीच म्हणत. आता ती एकवीस वर्षांची होती.

वरच्या अंगाला पूल होत होता. सात खांब उभे होते, आठव्याचं काम दिवसभर धडधडत चालू असे. पुढच्या वर्षी या दिवसांत वरून गाड्या धावतील, असं तिथले मुकादम सांगत. नावाडी त्या बाजूला बघत नसे. बघायला मान वळवावी लागते आणि मान दुखते, असं तो म्हणायचा.

खडकाला घासून घासून नावेच्या तळाची एक फट उघडली, तेव्हा बापलेकीनं नाव काठावर ओढली आणि पालथी घातली. दोन दिवस फेऱ्या बंद. नावाड्यानं जुनं डांबर खरवडून काढलं. सुकाणीनं काथ्याचे पीळ करून फटीत ठोकले. ठोकताना दर चार घावांनी तिची मूठ लाकडावर घासत होती आणि सालपटं निघत होती. आईनं चुलाणावर डांबर तापत ठेवलं होतं. वास नाकातून थेट डोक्यात जात होता.

मास्तर आले ते त्याच वेळी. गावच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण लोकांचे अर्ज भरायचं त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांच्या हातात लांबट पाकीट होतं.

"आला बरं का तुझा अर्ज," ते म्हणाले. "हात पुस आधी. एकच प्रत पाठवलीय."

बंदरावर लाँच चालवायला शिकवणारी सरकारी शाळा होती. दोन वर्षांचा अभ्यास, राहणं तिथंच, आणि पास झालं की नोकरी. मुलींना घ्यायला लागून दोनच वर्षं झाली होती. पूल झाल्यावर या घरात नदीच्या कामावर एकच माणूस पोट भरू शकेल, आणि ते बंदरावर, हे तिघांनाही न बोलता कळलेलं होतं.

मास्तरांनी नावेच्या पाठीवर कोरडी जागा बघून अर्ज पसरला. पहिले दहा रकाने त्यांनी भराभर सांगितले. नाव, गाव, वय, शिक्षण.

"अर्जात खरं फक्त जन्मतारखेपुरतं लिहायचं असतं," ते म्हणाले, "आणि तुझी तर तीही मीच ठरवलेली."

अकराव्या रकान्याशी त्यांनी चष्मा वर केला. 'अर्जदारावर यापूर्वी कोणत्याही न्यायालयात कारवाई झाली आहे काय? असल्यास घटना, झालेली शिक्षा आणि कोणास इजा झाली असल्यास तिचा तपशील स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावा.'

डांबराचा बुडबुडा फुटल्याचा आवाज झाला. नावाडी खरवडायचा थांबला.

तीन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी नावाडी तापानं पडला होता आणि सुकाणीनं एकटीनं नाव घातली होती. परवाना बापाच्या नावावर, तिच्या नाही. नाव दहा माणसांची, चढली सतरा. पलीकडच्या धक्क्याजवळ वळताना नाव कलली, सगळ्यांचा भार एका अंगाला गेला आणि नाव धक्क्याच्या दगडावर आदळली. कुणी बुडालं नाही. कांद्यांचं एक पोतं वाहून गेलं. पण नदीखात्याचा तपासनीस नेमका धक्क्यावर उभा होता. कोर्टात तिला दंड झाला, नाव चाळीस दिवस साखळीला बांधून ठेवली. न्यायाधीशानं, कुणाला इजा झाली का, असं विचारलं होतं. नावेतली माणसं ओळीनं उभी होती. कुणीच हो म्हणालं नाही. त्यातच गावची शिंपीण होती, हात शालीत घेऊन. तीही "नाही साहेब" म्हणाली.

इजा असती तर परवानाच गेला असता.

"काय लिहायचं?" मास्तरांनी नावाड्याकडे बघून विचारलं.

"नाही म्हणून लिहा," नावाडी म्हणाला.

"तसं नको. दंड कागदावर आहे. त्यांनी काढायचं म्हटलं तर दोन दिवसांत निघेल. दंड झाला एवढं लिहू. जास्त माणसं घेतली, चूक झाली, शिक्षा भोगली. पुढे 'कोणास इजा नाही'. कोर्टाच्या कागदात जे आहे तेच. त्यात खोटं काय?"

नावाड्यानं मान हलवली आणि पुन्हा खरवडायला लागला. सुकाणी आपल्या हातांकडे बघत होती. तिच्या बोटांना डांबर लागलं होतं. मास्तरांनी अर्ज घडी करून पाकिटात घातला आणि म्हणाले, "हा रकाना तुझ्याच अक्षरात हवाय. हात स्वच्छ झाले की लिही."

*

दुसऱ्या दिवशी आईनं तिला शिंपिणीकडे पाठवलं. कापडाचं एक बांधलेलं गाठोडं द्यायचं होतं. आई दर आठवड्याला शिंपिणीकडे जायची; शिवण शिकते, असं घरात सांगायची. तीन वर्षांत तिनं एक पिशवीसुद्धा शिवलेली नव्हती, पण हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

शिंपीण खिडकीशी यंत्रावर बसली होती. पन्नाशीची बाई, एकटी. तिनं गाठोडं सोडायला सांगितलं आणि शिवण चालूच ठेवली. डाव्या हातानं ती कापड सरकवत होती. उजव्या हाताची शेवटची तीन बोटं तळव्याकडे वळून बसली होती. कापड दाबायची वेळ आली की ती मनगट टेकवायची.

सुकाणी दारातच उभी राहिली. हे हात तिनं नावेत, पाण्यावर, बाजारात कितीदा तरी पाहिले होते. पण पाहिले होते ते दुरून, आणि नजर लगेच दुसरीकडे नेऊन.

"आई का नाही आली?" शिंपिणीनं विचारलं.

"नाव पालथी घातलीय. डांबर लावायचंय."

"मग हे कापड कधी कापलं तिनं?"

"आई कापते?"

शिंपिणीनं पाय थांबवला. यंत्र थांबलं. "तुला माहीत नाही? कात्री आता या हातात बसत नाही गं. बसली तरी चालत नाही. तीन वर्षं तुझीच आई कापते. मी खुणा करून देते, ती कापते."

सुकाणी उंबऱ्यावर बसली. थोड्या वेळानं तिनं अर्जाचं सांगितलं. अकरावा रकाना, मास्तरांचं वाक्य, सगळं. सांगताना ती यंत्राच्या चाकाकडे बघत होती.

"म्हणजे 'कोणास इजा नाही' असं लिहायचंय तुला," शिंपीण म्हणाली. "मग लिही की. माझ्याकडे कशाला आलीस?"

"मी कापड द्यायला आले होते, काकू."

"हो. कापडच द्यायला आलीस. तीन वर्षांत तू आपणहून या दारात आली नाहीस. हात कसा आहे, हे विचारायला एकदासुद्धा नाही. तुझा बाप मला नावेत बसवतो, माझ्याकडून भाडं घेत नाही, वर बघत नाही. त्या भाड्याचं मी काय करू? लोणचं घालू?"

सुकाणी उंबऱ्यावर पडलेला दोरा बोटाला गुंडाळू लागली.

"कोर्टाच्या आदल्या दिवशी तुझ्या आईनं माझे पाय धरले," शिंपीण म्हणाली. "इथंच, या फरशीवर. म्हणाली, परवाना गेला तर आम्ही मेलो. मी म्हटलं, बरं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी तर तेव्हापासून उघडलीच नाही."

ती स्वतःच थोडी हसली आणि लगेच थांबली.

"मी काय लिहू?" सुकाणीनं विचारलं.

"हात मोडला तर मोडला म्हणून लिही. मी कोर्टात काय बोलले ते तू लिहायचं नाहीस. ते माझं आहे. विचारायला आले तर सांगेन त्यांना, तेव्हा दुखत नव्हतं, नंतर दुखायला लागलं. दुखणं काय कोर्टाची परवानगी घेऊन येतं?"

मग तिनं यंत्र सुरू केलं. सुकाणी उठली तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "आणि लिहिणार नसलीस तरी मला येऊन सांगू नकोस. एकदा माफ केलंय, पुन्हा पुन्हा नाही जमत मला."

*

सुकाणीनं हात घासायला तेल घेतलं, मग राख, मग साबण. नखांच्या कडा तरी काळ्याच राहिल्या. जेवणं झाल्यावर ती खाली बसून लिहायला लागली. रकान्यात चार ओळींची जागा होती. तिनं बारीक अक्षरात सात ओळी लिहिल्या. मग बापाला वाचून दाखवल्या. न दाखवता पाठवायचं तिच्या मनात आलं होतं, पण ते तिला जमलं नाही.

"'त्या अपघातात गावातील एका शिंपीणबाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली. ती आजही सरळ होत नाहीत. याला मी जबाबदार आहे.'"

नावाडी भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या पायांना टाचेपासून घोट्यापर्यंत भेगा होत्या आणि त्या भेगांत तो मेण भरत होता.

"परवाना माझा आहे," तो म्हणाला.

"माहितीय."

"तुझ्या अकराव्या रकान्यात माझा परवाना बुडतो."

"बाबा, वर्षभरात पूल होणार आहे. मग परवान्याचं—"

"पूल होऊ दे." त्यानं मेणाची डबी खाली ठेवली. "पुलामुळे गेला तर गेला. गावोगावच्या नावाड्यांचे गेलेत, माझा जाईल. त्यात लाज नाही. पण गुन्ह्यापायी जायला नको. बत्तीस वर्षं नाव घातली मी. लोक म्हणतील, पूल व्हायच्या आधीच याचा काढून घेतला."

सुकाणीनं पेन खाली ठेवलं. तिनं कागदाकडे बघितलं. मग आई बोलली. ती दारात भांडी घासत होती आणि पाठमोरीच होती.

"पाय मी धरले होते. त्यात तुझी लाज कुठं आली?"

"तू मधे पडू नकोस."

"मी तीन वर्षं मधेच आहे," आई म्हणाली. "दर आठवड्याला कात्री घेऊन मधे आहे."

नावाडी तिच्याकडे बघत राहिला. कात्रीचं त्यालाही आताच कळत होतं. मग तो उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आला नाही.

टपाल कचेरी पलीकडच्या काठावर होती. तिसऱ्या दिवशी नाव पाण्यात घातली, पहिल्याच फेरीला सुकाणी पाकीट घेऊन मागं बसली. नावाड्याला पाकीट दिसत होतं. तो पुढे काठी टाकत उभा होता, वाळूचा उंचवटा आला की काठीवर सगळं अंग टाकत होता. नवं डांबर चांगलं धरलं होतं, आत थेंब आला नाही. पलीकडे पोहोचल्यावर तो म्हणाला, "लवकर ये. उतारू थांबलेत." एवढंच.

*

महिन्याभरानं मुलाखतीला बोलावणं आलं. बंदराच्या शाळेत एका लांब खोलीत तिघं बसले होते. मधे एक पिकल्या केसांची बाई होती. तिच्या गालांची कातडी उन्हानं काळवंडून जाड झालेली होती. तिच्यासमोर अर्ज उघडा होता, अकराव्या रकान्याखाली तांबडी रेघ मारलेली.

"नाव किती जणांची?"

"दहा."

"चढवलीस किती?"

"सतरा."

"वडिलांनी सांगितलं होतं?"

"ते तापात होते. मीच चढवली."

"का?"

सुकाणी घरून उत्तर पाठ करून गेली होती. बाजार सुटला होता, ऊन होतं, म्हातारी माणसं होती. तिथं बसल्यावर ते तिला आठवेना.

"दहा झाल्यावर पुरे म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "पण अकरावा ओळखीचा निघाला. मग बारावाही ओळखीचाच. आमच्या गावात सगळेच ओळखीचे असतात."

बाईच्या डाव्या बाजूचा माणूस हसला. उजव्या बाजूचा हसला नाही. त्याच्याकडे कोर्टाच्या निकालाची नक्कल होती.

"यात इजा नाही असं लिहिलंय. तू आहे म्हणतेस. कुणाचं खरं धरायचं?"

"बोटं मी पाहिलीत."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"त्याच दिवसापासून."

"मग कोर्टात का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलं नाही." तिनं त्याच्या हातातल्या नकलेकडे बघितलं. "आणि विचारलं नाही, म्हणून मला बरं वाटलं होतं."

त्या माणसानं काहीतरी लिहिलं. बाईनं खिडकीबाहेर एका लाँचकडे बोट दाखवून, वारा या बाजूनं असताना ती धक्क्याला कशी लावशील, असं विचारलं. पुढचा अर्धा तास तेच चाललं. सुकाणीला निम्म्या गोष्टी आल्या, निम्म्या आल्या नाहीत.

*

दोन पत्रं एकाच आठवड्यात आली. पहिल्यात तिला प्रवेश दिला होता, पहिलं वर्षभर उतारूंच्या लाँचवर पाय ठेवायचा नाही या अटीवर. फक्त माल नेणाऱ्या पडाव-होड्यांवर शिकायचं. दुसरं पत्र नदीखात्याचं होतं आणि नावाड्याच्या नावानं होतं. शाळेनं अर्जाची नक्कल तिकडे पाठवली होती.

तपासनीस स्वतः आला. त्या दिवशी धक्क्यावर होता तोच, थोडा जाड झालेला. आधी तो शिंपिणीकडे गेला. तिनं त्याला दुखण्याचं आणि कोर्टाच्या परवानगीचं वाक्य ऐकवलं. तो हसला आणि तिचं म्हणणं त्यानं तसंच लिहून घेतलं. मग नावाड्याच्या घरी आला. नावाड्यानं पत्र्याच्या नळकांड्यातून परवाना काढला. कागदाच्या घड्या फाटल्या होत्या, मागून कापड चिकटवलं होतं. तपासनिसानं तो पावतीपुस्तकात ठेवला आणि पावती दिली.

"वाईट वाटतं मला," तो म्हणाला. "नऊ महिने राहिले होते फक्त."

"हो," नावाडी म्हणाला. "चहा घ्या."

गावात बोलणं झालंच. लेकीनं बापाची नाव बुडवली, असं पारावर कुणीतरी म्हणालं आणि ते दोन दिवसांत दोन्ही काठांवर फिरलं. घाटावर आलेली माणसं नावाड्याला बघून विचारत, "मग आता कोण नेणार?" तो सांगायचा, पलीकडच्या घाटाचा पोरगेला नावाडी येईल. आणि तो यायचा. नावाडी तरी रोज पहाटे घाटावर जायचा. दोर तपासायचा, नावेतलं दंवाचं पाणी उपसायचा आणि घरी यायचा. सुकाणीशी तो लागेल तेवढंच बोलायचा. मीठ दे. दार लाव.

आई पूर्वीसारखीच शिंपिणीकडे जायची, फक्त आता शिवण शिकते म्हणत नव्हती. एकदा सुकाणी तिच्याबरोबर गेली आणि तिनं कापड कापलं. तिची कात्री वाकडी गेली. शिंपिणीनं तो तुकडा तिच्यासमोर धरला.

"लाँच अशी नको चालवूस," ती म्हणाली.

*

जायच्या दिवशी नावाड्यानं लेकीची पेटी खांद्यावर घेतली. आई घाटापर्यंत आली नाही. दारातच तिनं सुकाणीच्या डोक्याचा रुमाल दोनदा नीट केला आणि आत वळली. पलीकडून बंदराची गाडी मिळायची होती. गाडीत बसवून देतो, असं नावाडी आदल्या दिवशी आपणहून म्हणाला होता, आणि त्यासाठी त्यानं धुतलेला सदरा घातला होता.

पोरगेला नावाडी नाव घेऊन उभा होता. बाजाराचा दिवस. फळ्यांवर माणसं बसली होती, टोपल्या होत्या, एका म्हातारीच्या मांडीवर कोंबडी होती. कुणीतरी सरकून जागा केली.

"या काका," पोरगेला नावाडी म्हणाला. "या, बसा. तुम्हाला काय सांगायचं."

नावाडी पाण्यात उतरला. पाणी पिंढरीपर्यंत होतं. त्यानं पेटी मधल्या फळीखाली सरकवली, ती हलत नाही ना ते हातानं बघितलं. सुकाणी चढली आणि पेटीजवळ बसली. नावाडी नावेची कड धरून तसाच उभा होता. त्याची नजर पुढच्या फळीवरून मागच्या फळीवर सावकाश गेली. सुकाणीनंही त्याच वेळी मोजलं. ही नावही दहाचीच, आणि तिला धरून दहा होती.

"चढा की काका," पोरगेला नावाडी म्हणाला. "एकानं काय होतंय?"

माणसं नावाड्याकडे बघत होती. त्याचा सदरा नावेच्या ओल्या कडेला लागून भिजला होता.

"भरली," तो म्हणाला.

"अहो, पण पोरीला पोचवायला—"

"ती जाईल."

त्यानं सुकाणीकडे बघितलं. तिला काही बोलायचं होतं, पण म्हातारीची कोंबडी फडफडली आणि सगळे तिला आवरायला लागले. नावाड्यानं दोन्ही तळवे नावेच्या कडेवर टेकले, वाळूत पाय रोवले आणि जोर दिला. तळ वाळूवरून घासत सुटला. नाव पाण्यावर गेली.